मलबारची आघाडी

परवा शनिवारी पुण्याहून मुंबईला जाताना बसमध्ये '१९८४' पुन्हा वाचायला घेतलं. पहिल्यांदा वाचलं होतं ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. (अवांतर वाचनाचा तोच खरा सीझन असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.) तेव्हा डोक्यात राहिला तो बिग ब्रदर, ती टेलिस्क्रीन, तो उंदरांचा पिंजरा. बाकी सगळं विसरलो होतो. लोणावळ्याच्या आसपास एका पानावर आलो आणि थबकलो. म्हटलं, अरेच्चा, हे मागच्या वेळी कसं काय सुटलं आपल्या नजरेतून?

प्रसंग अगदी सुरुवातीचा आहे. विन्स्टन स्मिथ घरी बसलाय. टेलिस्क्रीनवर तुतारी वाजते आणि ताजी बातमी येते, आपल्या सैन्याने मोठा विजय मिळवला. कुठे? मलबारच्या आघाडीवर, दक्षिण हिंदुस्थानात! म्हणजे आपले केरळातले मित्र सुट्टीला जातात तिथे ओशनियाचं सैन्य युरेशियाच्या सैन्याची कत्तल करतंय, आणि लंडनमध्ये ती बातमी बँड लावून ऐकवली जातेय. विन्स्टन मनात म्हणतो, एवढी चांगली बातमी आली म्हणजे मागोमाग वाईट येणार. आणि येतेच: पुढच्या आठवड्यापासून चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर.

गंमत तर पुढे आहे. दुसऱ्याच दिवशी बातमी येते, चॉकलेटचं रेशन आठवड्याला २० ग्रॅमपर्यंत 'वाढवल्याबद्दल' लोकांनी बिग ब्रदरचे आभार मानायला मिरवणुका काढल्या! आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विन्स्टनच्या शेजारी बसलेली माणसं ते विनातक्रार गिळतात. चोवीस तास सुद्धा झालेले नसतात हो.

मला विचाराल तर अख्खी कादंबरी या दोन बातम्यांमध्ये आहे. लांबवर कुठेतरी युद्ध, आणि त्या युद्धाच्या आवाजाखाली घरातल्या घरात चाललेली लूटमार. पण मला प्रश्न पडला तो वेगळाच. मलबारच का? हा ऑर्वेल १९४८ साली स्कॉटलंडच्या जुरा नावाच्या बेटावर क्षयाने खोकत टाइपरायटर बडवत होता. त्याला एकदम मलबार कुठून आठवलं?

मग काय, तो वीकएंड आणि पुढचा असे दोन वीकएंड त्यातच गेले. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक विषयांतर. युद्ध आणि सरकारी दडपशाही या विषयावरच्या आधुनिक कादंबऱ्यांचा मूळपुरुष ऑर्वेल नव्हे. तो मान येवगेनी झाम्यातिन या रशियनाचा, आणि मला सांगायला अत्यंत आनंद होतो की हा गृहस्थ इंजिनिअर होता! आपल्यासारखा नावापुरता नाही, खराखुरा जहाजं बांधणारा. १९१६-१७ मध्ये तो इंग्लंडात न्यूकॅसलला झारच्या सरकारसाठी बर्फफोडी जहाजांच्या बांधकामावर देखरेख करत होता. क्रांती झाल्यावर परत गेला आणि १९२०-२१ च्या सुमारास 'आम्ही' नावाची कादंबरी लिहिली. तिचा नायकसुद्धा इंजिनिअर, नाव डी-५०३. माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची. दोनशे वर्षं चाललेल्या महायुद्धातून जे काही थोडे लोक उरले त्यांचं हे एकमेव राज्य. युद्ध संपलं, पण युद्धाने लावलेली शिस्त मात्र गेली नाही. रशियात पुस्तकावर बंदी आली. १९२४ मध्ये ते पहिल्यांदा छापलं गेलं ते न्यूयॉर्कला, इंग्रजीत. मायदेशी प्रसिद्ध व्हायला १९८८ उजाडलं. झाम्यातिनला झारनेही तुरुंगात टाकलं होतं आणि बोल्शेविकांनीही. १९३१ मध्ये त्याने थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली, आणि आश्चर्य म्हणजे ती मिळाली. १९३७ मध्ये पॅरिसला वारला. ऑर्वेलने ही कादंबरी फ्रेंच भाषांतरात वाचली आणि जानेवारी १९४६ मध्ये तिचं परीक्षण लिहिलं. स्वतःची कादंबरी त्याने त्यानंतर हातात घेतली. असो.

आता ऑर्वेल. खरं नाव एरिक ब्लेअर, जन्म १९०३, बिहारमधल्या मोतीहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. (सरकारने अफूचा मक्ता स्वतःकडे ठेवायचा, ती विकून तिजोरी भरायची आणि त्यासाठी रीतसर खातं उघडायचं. हे एखाद्या कादंबरीत घातलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही काय!) एक वर्षाचा असताना आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली. पण १९२२ मध्ये हा पठ्ठ्या परत आला, ब्रह्मदेशात इम्पीरियल पोलिसात. पाच वर्षं साहेबाच्या सत्तेचा दंडुका स्वतः चालवला, १९२७ मध्ये नोकरी सोडली आणि आयुष्यभर त्याची टोचणी बाळगली. मला वाटतं हे फार महत्त्वाचं आहे. दडपशाहीबद्दल लिहिणारे बरेच जण ती सोसलेले असतात. याने ती आधी केली होती.

मग स्पेन. डिसेंबर १९३६ मध्ये तो फ्रँकोविरुद्ध लढायला गेला आणि 'पूम' नावाच्या एका छोट्या डाव्या पक्षाच्या तुकडीत भरती झाला. मे १९३७ मध्ये घशातून आरपार गोळी गेली. वाचला कसा हेच नवल. पण गोळीपेक्षा खोल जखम दुसरीच झाली. त्याच महिन्यात बार्सिलोनात प्रजासत्ताकवाल्यांच्यातच आपापसात मारामाऱ्या झाल्या आणि जूनमध्ये पूमवर बंदी आली. कारण? हे म्हणे फ्रँकोचे छुपे हस्तक आहेत! ज्यांच्याबरोबर हा खंदकात उवा मारत बसला होता ती पोरं एका रात्रीत फॅसिस्ट ठरली. पुढारी आंद्रेउ निन याला पकडून मारून टाकलं. ऑर्वेल आणि बायको आयलीन कसेबसे सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये निसटले. लंडनला येऊन बघतो तर तिथल्या डाव्या वर्तमानपत्रांत तेच छापून आलेलं. जिथे लढाई झालीच नाही तिथल्या घनघोर लढाईची वर्णनं, आणि जिथे शेकडो मेले तिथलं एक अक्षर नाही. पुढे त्याने लिहून ठेवलंय की इतिहास खरा लिहिला जाऊ शकतो यावरचा त्याचा विश्वास तिथे डळमळला. १९३८ मध्ये त्याने स्पेनवर पुस्तक लिहिलं. जेमतेम दीड हजार प्रती काढल्या होत्या, त्याही तो मेला तेव्हा संपलेल्या नव्हत्या!

आता येऊ मलबारकडे.

ऑगस्ट १९४१ मध्ये ऑर्वेल बीबीसीच्या पूर्वेकडच्या सेवेत नोकरीला लागला. काम काय, तर हिंदुस्थानासाठी कार्यक्रम तयार करायचे. जर्मनीचा आणि जपानचा रेडिओ हिंदुस्थानात प्रचार करत होता, त्याला उत्तर म्हणून हा खटाटोप. युद्धाचा आढावा घेणारं साप्ताहिक बातमीपत्र ऑर्वेल लिहायचा. काही आढावे इंग्रजीतच जायचे, काहींची भाषांतरं गुजराती, बंगाली, तमिळमध्ये आणि, जरा सावरून बसा, मराठीत व्हायची. होय मंडळी, '१९८४'च्या लेखकाने १९४२ मध्ये मराठी श्रोत्यांसाठी सरकारमान्य बातम्या लिहिल्यात!

याच ऑफिसात वेणू चितळे नावाच्या मराठी बाई होत्या. १९१२ मध्ये कोल्हापूर भागात जन्मलेल्या, तरुणपणी विलायतेला गेलेल्या. ऑर्वेलच्या सहायक म्हणून त्यांनी काम केलं, मराठीतून आणि इंग्रजीतून बोलल्या. १९४२ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. बीबीसीच्या स्टुडिओतलं टेबल, भोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, मागे उभा ऑर्वेल, आणि त्याच टेबलाशी साडीतल्या वेणूताई. मी हा फोटो आधी दोनचार वेळा पाहिला होता, त्या कोण हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. पुढे त्या स्वातंत्र्यानंतर भारतात परतल्या आणि १९५० मध्ये त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी मुंबईत प्रसिद्ध झाली, पुण्यातल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची. त्याच वर्षीच्या जानेवारीत ऑर्वेल गेला.

तर, १९४२ चा एप्रिल डोळ्यापुढे आणा. सिंगापूर फेब्रुवारीत पडलंय. मार्चमध्ये रंगून पडलं. ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले, ६ ला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर. मद्रास शहरातून लोक गाठोडी बांधून पळत होते, सरकारी कचेऱ्यासुद्धा हलवल्या. जपानी फौज दक्षिण हिंदुस्थानात उतरणार ही भीती कुणाच्या कल्पनेतली नव्हती, रोजच्या तारांमध्ये होती. आणि लंडनमध्ये एक उंच, खोकणारा माणूस नकाशा पुढे ठेवून या सगळ्याचा आठवड्याचा आढावा लिहीत होता. दक्षिण हिंदुस्थानची आघाडी ऑर्वेलला सुचली नव्हती, त्याने ती ऑफिसात बसून जवळजवळ पाहिली होती. चॉकलेटचंही तसंच. ब्रिटनमध्ये मिठाई आणि चॉकलेटवर रेशन आलं जुलै १९४२ मध्ये. एप्रिल १९४९ मध्ये ते उठवलं, जूनमध्ये '१९८४' प्रसिद्ध झाली आणि ऑगस्टमध्ये रेशन परत सुरू!

त्याचं ऑफिस, तिथली तळघरातली कॅन्टीन, मीटिंगा, सगळं कादंबरीत उतरलंय म्हणतात. ती प्रसिद्ध १०१ नंबरची खोली म्हणजे सुद्धा बीबीसीतली एक कॉन्फरन्स रूम. मीटिंगांना कंटाळलेल्या माणसाने कॉन्फरन्स रूमला छळाची खोली करावी, हे आमच्या क्षेत्रातल्या वाचकांना जास्त समजावून सांगायची गरज नाही :)

पण विनोद पुरे. खरी मेख इथे आहे. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गांधीजी, नेहरू, आझाद सगळ्यांना पहाटे उचललं. ऑर्वेल हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूचा माणूस. आणि त्याच आठवड्यांत त्याला त्याच हिंदुस्थानाला सांगायचं होतं की ब्रिटन लोकशाहीसाठी लढतंय! प्रत्येक मजकूर सेन्सॉरकडून जायचा, धोरणासाठी एकदा आणि सुरक्षिततेसाठी एकदा. त्याने धडधडीत खोटं फारसं लिहिलं नाही असं मला ते वाचून वाटतं. पण काय लिहायचं नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. दोन वर्षं हे करून १९४३ मध्ये त्याने राजीनामा दिला. कारण साधं सांगितलं: ज्याचा काही उपयोग होत नाही अशा कामावर स्वतःचा वेळ आणि लोकांचा पैसा वाया जातोय.

तो राजीनामा देत होता त्या सुमारास बंगालमध्ये काय चाललं होतं? जपानी आले तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून १९४२ मध्येच किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतून तांदूळ हलवला होता आणि दहा माणसं मावतील त्याहून मोठ्या होड्या सरकारने जप्त केल्या होत्या. कोळी आणि छोटे व्यापारी तिथेच संपले. वर महागाई, चक्रीवादळ, सैन्यासाठी आणि कलकत्त्यासाठी धान्याची खरेदी. माणसं रस्त्यात मरायला लागली तरी सरकारने 'दुष्काळ' हा शब्द अधिकृतपणे जाहीर केला नाही, कारण तो जाहीर केला की दुष्काळसंहितेप्रमाणे मदत देणं बंधनकारक होतं. शेवटी ऑगस्ट १९४३ मध्ये 'द स्टेट्समन'ने प्रेतांचे फोटो छापले तेव्हा जगाला कळलं. २० ते ३० लाख माणसं गेली असा अंदाज आहे. ऑर्वेलच्या कादंबरीत एक नवी भाषा तयार होत असते, शब्द कमी करत नेणारी, म्हणजे नको तो विचारच करता येऊ नये. इथे एकच शब्द काढला होता.

कादंबरीत असं आहे की जगात तीनच महासत्ता उरल्यात आणि त्या कायम एकमेकींशी लढतायत, आज हिच्याशी तह, उद्या तिच्याशी. कुणीच जिंकत नाही, कुणाला जिंकायचंही नाहीये. हे तीन तुकडे ऑर्वेलला सुचले ते १९४३ च्या तेहरान परिषदेवरून, जिथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन जगाच्या वाटण्या ठरवायला बसले होते, आणि जेम्स बर्नहॅम या अमेरिकन लेखकाच्या १९४१ च्या एका पुस्तकावरून. लढाई कुठे चालते? तर टँजिअर, ब्राझाव्हिल, डार्विन आणि हाँगकाँग या चार कोपऱ्यांमधल्या चौकोनात. नकाशा उघडून बघा, मी बघितला. आपण बरोब्बर त्या चौकोनात आहोत. बिग ब्रदरच्या राज्यातसुद्धा आपल्या वाट्याला नागरिकत्व नाही, फक्त रणांगण आणि मजुरी!

शत्रू बदलण्याचा तो प्रसंग आठवतोय? द्वेष-सप्ताहाच्या सहाव्या दिवशी वक्ता भाषण ठोकत असतो, कुणीतरी चिठ्ठी आणून देतं आणि त्याच वाक्यात, आवाज न बदलता, शत्रूचं नाव बदलतं. वाचताना वाटतं, हे जरा अतीच झालं. पण २३ ऑगस्ट १९३९ ला हिटलर आणि स्टालिन यांचा करार झाला तेव्हा जगभरच्या कम्युनिस्टांना कालपर्यंतचा फॅसिझमविरोध गिळून हे 'साम्राज्यवादी युद्ध' आहे म्हणावं लागलं. २२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर हल्ला केला आणि चक्र पुन्हा फिरलं. आपल्याकडे तुरुंगात बसलेल्या कम्युनिस्टांना निर्णयाला काही महिने लागले इतकंच, पण मग तेच युद्ध 'लोकयुद्ध' झालं. जुलै १९४२ मध्ये पक्षावरची बंदी उठली, मुंबईतून त्या नावाचं साप्ताहिक सुरू झालं आणि महिन्याभरात आलेल्या छोडो भारतला पक्षाने विरोध केला. प्रामाणिक माणसं होती ती, त्यातल्या कित्येकांनी आयुष्य झिजवलं. म्हणून तर जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

ज्युलियाला कादंबरीत संशय असतो की लंडनवर पडणारे बॉम्ब आपलंच सरकार टाकत असावं, लोक घाबरलेले राहावेत म्हणून. हेही हवेतलं नाही. ३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्री ग्लायविट्झच्या रेडिओ केंद्रावर 'पोलिश' हल्ला झाला, तो जर्मनांनीच घडवून आणला होता. दुसऱ्या दिवशी पोलंडवर स्वारी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रशियाने स्वतःच्याच माइनिला गावावर तोफगोळे पडल्याचं निमित्त करून फिनलंडवर हल्ला केला. दोन सरकारं, एकमेकांची तात्पुरती मित्र, एकच युक्ती.

हे सगळं हुकूमशाह्यांचं झालं. पण युद्ध संपलं तरी युद्धासाठी घेतलेले अधिकार परत न देणं, यासाठी हुकूमशहा लागतोच असं नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये आपल्याकडे भारत संरक्षण कायदा आला, मुदत युद्ध संपल्यावर सहा महिने. ती संपायच्या आत सरकारने मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आणला, म्हणजे युद्धातले अधिकार शांततेतही हातात. १३ एप्रिलला जालियनवाला बाग. हे परक्यांचं. आपलं बघू. चीनचं युद्ध सुरू झाल्यावर २६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी जाहीर झाली. चीनने २१ नोव्हेंबरला युद्धबंदी केली. आणीबाणी कधी उठली? १० जानेवारी १९६८! मध्ये १९६५ चं पाकिस्तान युद्ध झालं हे मान्य, पण तेही काही आठवड्यांत आटोपलं होतं. मग ३ डिसेंबर १९७१ ला पुन्हा आणीबाणी. बांगलादेशचं युद्ध १६ डिसेंबरला जिंकून संपलं, आणीबाणी चालूच. २५ जून १९७५ ला जी अंतर्गत आणीबाणी आली ती या चालू आणीबाणीच्या डोक्यावर दुसरी. दोन्ही उठल्या मार्च १९७७ मध्ये. म्हणजे ऑक्टोबर १९६२ पासून मार्च १९७७ पर्यंतची साडेचौदा वर्षं घेतली तर त्यातली दहापेक्षा जास्त वर्षं हा देश कागदोपत्री आणीबाणीत होता, आणि प्रत्यक्ष युद्ध सगळं मिळून काही आठवडे. हा हिशोब मी एक्सेलमध्ये दोनदा केला. शाळेच्या पुस्तकातून माझ्या डोक्यात १९७५ ची एकच आणीबाणी राहिली होती.

त्या काळात डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत व्यासपीठावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. आणि एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं की आणीबाणीत अटक झालेल्याला कोर्टात दाद मागता येणार नाही. चारांत एक पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, एकटे विरोधात गेले ते न्यायमूर्ती खन्ना. तो निकाल चुकीचा होता हे २०१७ मध्ये त्याच कोर्टाने लिहून ठेवलं. लिहिणारे धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. चूक झाली होती हे लिहिता आलं, कारण मूळ निकाल जसाच्या तसा कागदावर होता.

आता हे सगळं मी इतक्या तिडकीने का लिहितोय ते सांगतो. विन्स्टनची नोकरी आठवा. जुन्या वर्तमानपत्रांतले आकडे आणि अंदाज नव्या वस्तुस्थितीला जुळवून घ्यायचे. चॉकलेटचं रेशन कमी होणार नाही असं वचन सरकारने आधी दिलेलं असतं, तेही तोच बदलतो. आणि ऑर्वेलचा बारकावा बघा. त्याला येणाऱ्या सूचनांमध्ये 'खोटं लिही' असं कधीच नसतं. छपाईची चूक, उद्धृताची चूक, दुरुस्त करा, अचूकतेसाठी. (सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना बेरियाच्या पतनानंतर त्याची पानं कापून त्याजागी बेरिंगच्या समुद्राची पानं चिकटवायला पाठवली होती. हे ऑर्वेलच्या मृत्यूनंतरचं. बघायला तो हवा होता.)

माझी पहिली नोकरी. कंपनीचं नाव नको, क्लायंटचं तर नकोच. मी सपोर्टला होतो. एका रात्री सिस्टिम २ तास १० मिनिटं बंद पडली. करारात महिन्याला ४५ मिनिटांची मुभा होती, त्यावर दंड. दुसऱ्या दिवशी दुपारी टीम लीड खुर्ची ओढून शेजारी बसला. चांगला माणूस, माझ्या बहिणीच्या लग्नाला आलेला. म्हणाला, "अरे, त्या तिकिटाची सुरुवातीची वेळ चुकीची पडलीय, मॉनिटरिंगने लवकर पकडलं होतं. डेटा करेक्शन कर ना जरा." मी काय ते समजलो. एक अपडेट मारली. स्क्रीनवर आलं, एक रो बदलली. ४० मिनिटं. मग आम्ही चहाला गेलो.

हे पाप म्हणून सांगत नाही, असल्या गोष्टी रोज होतात. मला खरं खुपतं ते पुढचं. वर्षभराने एका नव्या मुलीला मी सिस्टिम समजावून देत होतो. तिने डॅशबोर्डवर त्या महिन्यावर बोट ठेवून विचारलं, "हा महिना किती स्टेबल होता, काय केलं होतं तुम्ही?" आणि मी अगदी सहज, छाती जराशी फुगवून सांगितलं की तेव्हा आमची टीम जबरदस्त होती. खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यातसुद्धा ४० मिनिटंच होती. रात्री घरी जाताना सिग्नलला थांबलो तेव्हा एकदम आठवलं.

मला ना कुणी छळलं, ना उंदीर दाखवले. प्रमोशनसुद्धा त्यासाठी मिळालं नव्हतं.

ऑर्वेलच्या बीबीसीतल्या बातमीपत्रांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. बरीच वर्षं ती बीबीसीच्या कागदपत्रांच्या संग्रहात पडून होती. एका संशोधकाने ती शोधून काढली आणि १९८५ मध्ये पुस्तकरूपाने छापली. टाइप केलेल्या कागदांवर सेन्सॉरचे शिक्के तसेच आहेत, काय काट मारली तेही काही ठिकाणी दिसतं. युद्धाच्या धामधुमीत, कागदाची टंचाई असताना, कुणीतरी प्रत्येक पान फाइलला लावून ठेवलं होतं.

आमच्या त्या टेबलावर ऑडिट ट्रेल लावलेली नव्हती. अपडेट मारायच्या आधी मी ते तपासून घेतलं होतं.